डब्यातली प्रथिने आणि ताटातली प्रथिने

शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत दहावीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत होता. आत बोलावले, तेव्हा त्याने दप्तरातून एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. डबा त्याच्या मित्राचा होता. त्यावर 'वनस्पतिजन्य प्रथिन पूड' असे ठळक अक्षरांत छापलेले होते.

"सर, व्यायामशाळेत सगळे म्हणतात, याच्याशिवाय अंग भरत नाही. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. आई म्हणते, घे. तिनं शिवणाचे पैसे बाजूला ठेवलेत. घेऊ का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. 'घे' म्हणावे तर आईच्या दीड-दोन महिन्यांच्या शिवणाचा सवाल. 'घेऊ नको' म्हणावे तर मुलगा खरोखरच हडकुळा, आणि नुसत्या उपदेशाने कोणाचे वजन वाढत नाही. तेव्हा आम्ही असे ठरवले की, उत्तर मी द्यायचे नाही. वर्गाने ते आकडेमोड करून काढायचे. विद्यार्थी मित्रांनो, त्या आकडेमोडीची हकीगत तुमच्यापुढे ठेवत आहे. कागद-पेन्सिल जवळ घेऊनच वाचा.

प्रथिन म्हणजे काय?

'प्रोटीन' हा शब्द १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाच्या लेखनातून रूढ झाला. तो सुचवला होता बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या दर्जाचे' असा आहे. आपले स्नायू, त्वचा, केस, रक्तातील हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी विकरे ही सर्व प्रथिनेच आहेत.

प्रथिनाचा रेणू म्हणजे एक लांबलचक माळ समजा. तिचे मणी म्हणजे ॲमिनो आम्ले. हे मणी वीस प्रकारचे असतात. आपण डाळ खातो तेव्हा डाळीतली माळ जशीच्या तशी आपल्या स्नायूत जाऊन बसत नाही. जठरात आणि आतड्यात ती तुटते, मणी सुटे होतात, रक्तात जातात आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी ती नवी माळ ओवते.

या वीस मण्यांपैकी अकरा शरीर स्वतः घडवू शकते. उरलेले नऊ मात्र अन्नातूनच यावे लागतात. त्यांना आवश्यक ॲमिनो आम्ले म्हणतात. आता कल्पना करा. तुम्हाला एका नक्षीच्या शंभर माळा करायच्या आहेत. प्रत्येकीत एक लाल मणी हवाच, आणि तुमच्याजवळ लाल मणी फक्त साठ आहेत. बाकीचे मणी पोत्याने असले तरी माळा होणार साठच. जो मणी सर्वांत कमी, तोच माळांची संख्या ठरवतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण वनस्पतिजन्य प्रथिनांचे सारे मर्म तिच्यात आहे.

उंदरांनी शिकवलेला धडा

हे प्रयोगाने दाखवले अमेरिकेतील ऑस्बर्न आणि मेंडेल या जोडीने. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उंदरांना मक्यातील 'झाइन' हे एकच प्रथिन देण्यात आले. उंदीर पोटभर खात होते, तरी त्यांचे वजन घटत गेले. त्याच खाण्यात ट्रिप्टोफेन हे ॲमिनो आम्ल घातले, तेव्हा वजन घटायचे थांबले, पण वाढ काही होईना. मग लायसिन हे दुसरे आम्लही घातले आणि उंदीर भराभर वाढू लागले. झाइनमध्ये हेच दोन मणी जवळजवळ नसतात.

आपल्या नेहमीच्या धान्यांची गत इतकी वाईट नाही, पण रीत तीच आहे. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या तृणधान्यांत लायसिन कमी पडते. तूर, मूग, हरभरा, वाटाणा या द्विदलांत लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन व त्याच्या जोडीचे सिस्टीन ही गंधकयुक्त आम्ले बेताची असतात. तृणधान्यांत नेमकी हीच आम्ले बऱ्यापैकी असतात. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक.

आता खिचडीचे गणित करू. मोठ्या माणसाच्या अन्नातील प्रत्येक ग्रॅम प्रथिनात सुमारे ४५ मिलिग्रॅम लायसिन असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ठरवले आहे. वाढत्या मुलांना थोडे अधिक लागते. ७५ ग्रॅम तांदूळ घेतला तर त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते, आणि तांदळाच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसिन साधारण ३६ मिलिग्रॅम. म्हणजे एकूण २१६ मिलिग्रॅम. २५ ग्रॅम मूगडाळीतही प्रथिन सुमारे ६ ग्रॅमच, पण दर ग्रॅमला लायसिन साधारण ६८ मिलिग्रॅम. म्हणजे ४०८ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून प्रथिन १२ ग्रॅम, लायसिन ६२४ मिलिग्रॅम. भागाकार करा. दर ग्रॅमला ५२ मिलिग्रॅम आले. नुसता तांदूळ नापास झाला होता. तीन भाग तांदळाला एक भाग डाळ मिळताच जोडी उत्तीर्ण झाली.

वर्गात हे गणित फळ्यावर पुरे झाले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सर, खिचडीतही तेच आहे?" मी त्याला तो रिकामा डबा दिला आणि त्यावरील घटकद्रव्ये मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचले: "वाटाण्याचे प्रथिन, तांदळाचे प्रथिन..." वर्ग हसला. डबा बनवणाऱ्यांनीही डाळ-तांदळाचीच जोडी जमवली होती, आणि तीही याच कारणाने.

डाळीची पूड आणि प्रथिनाची पूड

मग डब्यात आणि डाळीत फरक काय? फरक सांद्रतेचा. पिवळ्या वाटाण्यात शंभर ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिन असते. बाकी मुख्यतः पिष्टमय पदार्थ आणि तंतू. कारखान्यात वाटाणा सोलून दळतात आणि पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा अल्कली घालतात. अल्कधर्मी पाण्यात प्रथिन विरघळते. पिष्ट आणि तंतू विरघळत नाहीत. ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रात खाली बसवून वेगळे काढतात. उरलेल्या द्रावात आम्ल घालून त्याचा सामू ४.५ च्या आसपास आणला की प्रथिनाच्या रेणूंवरील धन व ऋण भार समसमान होतात, रेणू एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि प्रथिन साकळून खाली बसते. ते धुऊन, गरम हवेच्या झोतात फवारून वाळवले की पूड तयार. तिच्यात ८० टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिन असते. अशा पुडीला व्यापारी भाषेत 'आयसोलेट' म्हणतात. कमी शुद्ध केलेली, साधारण ६५-७० टक्क्यांची, ती 'कॉन्सन्ट्रेट'.

करून पाहा: अर्धी वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा. सकाळी साले काढून चार वाट्या पाण्यात बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. गाळलेले 'दूध' मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली दहा-पंधरा मिनिटे ढवळत उकळा. खाली उतरवून त्यात लिंबाचा रस चमच्याचमच्याने घाला. पनीरासारख्या गुठळ्या धरतील. कारखान्यातील आम्लाची पायरी ती हीच. फडक्यात उरलेला चोथा टाकू नका. तो शिजवून थालीपिठात घालता येतो.

यात उकळणे का सांगितले? कच्च्या सोयाबीनमध्ये आणि इतर कडधान्यांतही ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात. ते शाबूत राहिले तर प्रथिन पोटात जाऊनही नीट पचत नाही. आपल्याकडील अन्नधान्यांतील या ट्रिप्सिन-रोधकांचा अभ्यास मुंबईत डॉ. कमला सोहोनी यांनी केला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी होत. भिजवणे, शिजवणे आणि भाजणे यांनी हे रोधक बहुतांशी निकामी होतात. तेव्हा मोड आणून उसळ शिजवणारी आजी नुसती चवच पाहत नव्हती. कच्चे सोयापीठ दुधात कालवून पिण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मात्र मानू नका.

किती लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली रोजच्या गरजेचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम व मुलीला ४३ ग्रॅम, तर १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ५५ ग्रॅम व मुलीला ४६ ग्रॅम प्रथिन पुरेसे आहे. प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हा हिशेब आहे. रोज कसून सराव करणाऱ्या खेळाडूंना अधिक लागते. क्रीडावैद्यक तज्ज्ञ साधारणपणे किलोमागे १.२ ते २ ग्रॅम सांगतात.

आता आपल्या ताटात काय येते ते पाहू. शिजवण्यापूर्वीच्या वजनाने, १०० ग्रॅममागे प्रथिन साधारण असे असते:

तांदूळ: ८ ग्रॅम
ज्वारी: १० ग्रॅम
गव्हाचे पीठ, बाजरी: ११ ग्रॅम
हरभराडाळ: २१ ग्रॅम
तूरडाळ, फुटाणे: २२ ग्रॅम
मूगडाळ, मटकी: २४ ग्रॅम
शेंगदाणे: २४ ग्रॅम
सोयाबीन: ३६ ते ४० ग्रॅम
सोयावड्या (तेल काढलेल्या): सुमारे ५२ ग्रॅम
दूध: ३ ग्रॅम

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आदल्या दिवशी खाल्लेले सर्व वहीत लिहून आणले होते. लपवाछपवी न करता लिहिले होते, याचे मला कौतुक वाटले. सकाळी चहा-टोस्ट: ३ ग्रॅम. दिवसभरात पाच पोळ्या, म्हणजे १५० ग्रॅम पीठ: साडेसोळा ग्रॅम. ७५ ग्रॅम तांदळाचा भात: ६ ग्रॅम. पातळ वरण, डाळ जेमतेम १५ ग्रॅम: ३ ग्रॅम. चहातले दूध: ३ ग्रॅम. भाजी: अडीच ग्रॅम. बेरीज झाली ३४ ग्रॅम. तो पंधरा वर्षांचा. त्याला हवे ४५. अकरा ग्रॅम कमी!

इथे वर्ग एकदम गप्प झाला. 'घरच्या जेवणात सगळे असते' असे आपण सहज म्हणतो. पण घरचे जेवण म्हणजे कोणते, हे मोजल्याशिवाय कसे कळावे? त्याची तक्रार खरी होती. आता प्रश्न एवढाच की, हे अकरा ग्रॅम आणायचे कोठून?

रुपयाला किती ग्रॅम?

डब्याच्या वेष्टनावर लिहिले होते: एक माप ३३ ग्रॅम, त्यात प्रथिन २४ ग्रॅम. म्हणजे पुडीत प्रथिन ७३ टक्के. उरलेले काय? चव, रंग, गोडी आणणारी द्रव्ये, दाटपणा आणणारे डिंक, थोडे मीठ. समजा एक किलोच्या डब्याला २,४०० रुपये पडतात. त्यात प्रथिन ७२७ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला सुमारे ३ रुपये ३० पैसे. समजा हरभराडाळ १०० रुपये किलो आहे. किलोत प्रथिन २१० ग्रॅम. एका ग्रॅमला सुमारे ४८ पैसे. समजा सोयावड्या १६० रुपये किलो आहेत. किलोत ५२० ग्रॅम. एका ग्रॅमला सुमारे ३१ पैसे. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावच्या दुकानातील भाव घालून हेच गणित पुन्हा करा. आकडे बदलतील, क्रम बहुधा बदलणार नाही.

न्यायाने बोलायचे तर डब्याची बाजूही मांडली पाहिजे. पुडीतील प्रथिन लवकर पचते. तिच्यात तंतू व रोधक कमी असतात. आजारातून उठलेल्या, चावता न येणाऱ्या किंवा भूक मेलेल्या माणसाला थोड्या घासांत जास्त प्रथिन द्यायचे असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उपयोगी पडते. ज्याला दूध सोसत नाही आणि जो दिवसाचे चार तास मैदानावर असतो, अशा खेळाडूचीही सोय होते. पूड हे विष नव्हे आणि जादूही नव्हे. ते महाग पण सोयीचे अन्न आहे.

मात्र एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. प्रथिन खाल्ल्याने स्नायू वाढतात, हे अर्धे सत्य आहे. अंगणात विटांचा ढीग आणून टाकला म्हणून भिंत उभी राहत नाही; गवंडी लागतो. स्नायूंचा गवंडी म्हणजे व्यायाम आणि विश्रांती. जास्तीच्या विटा शरीर साठवूनही ठेवत नाही. यकृतात ॲमिनो आम्लांतील नायट्रोजन वेगळा होऊन त्याचा युरिया बनतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा चरबीत जातो. तेच काम भाकरीने स्वस्तात झाले असते. रोज दोन मापे पूड घेणारा पंधरा वर्षांचा मुलगा ४८ ग्रॅम प्रथिन केवळ डब्यातून घेतो, म्हणजे दिवसभराच्या गरजेहून अधिक! चंदनाची लाकडे चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार. ज्याच्या मूत्रपिंडात आधीच बिघाड आहे, त्याला तर यातून अपाय होऊ शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अंग भरण्यासाठी अशा पुडी घेणे टाळावे, असेच सांगितले आहे.

याच्या उलट बाजूही पाहा. पोटात पुरेसे इंधन नसेल, तर शरीर प्रथिनच जाळू लागते. बुध या सातारा जिल्ह्यातील गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी जागतिक अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केले. त्या काळी, १९५० व ६० च्या दशकांत, गरीब देशांत प्रथिनांचाच मोठा तुटवडा आहे असे मानून प्रथिनयुक्त पुडींच्या योजना जगभर आखल्या जात होत्या. मध्य अमेरिकेत मका व सरकीपासून 'इन्कापारिना' झाली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभरा यांचे बहुउद्देशी अन्न बनवले. सुखात्म्यांनी आहाराचे आकडे तपासून दाखवले की, आपल्याकडील धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनाची गरज बहुधा भागते. खरी उणीव पोटभर मिळण्याचीच आहे. आमचा विद्यार्थी तर चहा-टोस्टवर व्यायामाला जात होता!

नत्राची फसवणूक

वेष्टनावर '२४ ग्रॅम' छापले म्हणजे ते आत असतेच का? प्रथिन मोजण्याची जुनी व आजही वापरात असलेली रीत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली दिली. तीत प्रत्यक्ष प्रथिन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १०० भागिले १६, म्हणजे ६.२५ ने गुणतात.

यातली फट तुमच्या ध्यानात आली का? नायट्रोजन असलेला कोणताही स्वस्त पदार्थ मिसळला, तर परीक्षा त्याला प्रथिनच समजेल. मेलामिन हे प्लॅस्टिकच्या धंद्यातील रसायन. त्याच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि नायट्रोजनचे ६ अणू असतात. रेणुभार १२६, त्यात नायट्रोजन ८४, म्हणजे ६६.७ टक्के. ६.२५ ने गुणा. 'प्रथिन' आले ४१७ टक्के! २००७ साली चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या व तांदळाच्या प्रथिन पुडीत मेलामिनची भेसळ निघाली. ती पूड कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात गेली आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत तेच रसायन सापडले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि किमान सहा दगावली. एका गुणाकारातील फट केवढी महाग पडली!

शाळेत करून पाहा (शिक्षकांसमवेतच): परीक्षानळीत मेतकुटाचे किंवा डाळीच्या पिठाचे पाण्यात ढवळून गाळलेले द्रावण घ्या. त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण तितकेच घाला आणि वरून १ टक्का मोरचुदाच्या द्रावणाचे तीन-चार थेंब टाका. जांभळा रंग आला तर प्रथिन आहे. ही बाययुरेट परीक्षा. ती मण्यांना जोडणारे दुवे ओळखते. म्हणून ग्लायसिनसारख्या सुट्या ॲमिनो आम्लाला जांभळा रंग येत नाही, निळाच राहतो. मात्र ही परीक्षा ढोबळ आहे. खऱ्या प्रथिनात थोडी भेसळ असेल तर ती हिला कळणार नाही. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी जाळते आणि मोरचूद विषारी आहे. हात लावू नका आणि चव तर मुळीच पाहू नका.

घ्यायचीच झाली तर

काहींना खरोखर पूड घ्यावी लागते. त्यांनी डबा हातात घेतल्यावर चित्राकडे न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत.

१. मापाचे नव्हे, १०० ग्रॅममागचे प्रथिन पाहा. माप मोठे करून आकडा मोठा दाखवता येतो.

२. घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. पहिले नाव प्रथिनाचे आहे की साखरेचे, ते पाहा. यादीत ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी द्रव्ये वेगळी घातलेली असतील, तर नत्राची गोष्ट आठवा.

३. प्रथिन कशाचे आहे? पचन आणि आवश्यक आम्ले दोन्ही विचारात घेऊन १ पैकी गुण देतात. त्यात सोयाबीनला ०.९ ते १, वाटाण्याला ०.८ ते ०.९, तर गव्हाच्या ग्लुटेनला जेमतेम ०.२५ गुण मिळतात. वाटाणा-तांदूळ अशी जोडी नुसत्या तांदळापेक्षा बरी.

४. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दुधाचे पदार्थही बसतात. ज्याला दूध सोसत नाही, त्याने केवळ ठिपक्यावर विसंबू नये. सोयाबीन व शेंगदाण्याचेही काहींना वावडे असते.

५. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, गट क्रमांक आणि मुदत पाहा. सुटी, बिनवेष्टनाची पूड कधीही घेऊ नका. वनस्पती जमिनीतून शिसे, कॅडमियम, तर भात अर्सेनिकही शोषून घेतो. सांद्र केलेल्या पुडीत ते उतरू शकतात. म्हणून गटवार तपासणीचा अहवाल देणारा उत्पादक पसंत करावा.

६. एकदम पूर्ण माप घेऊ नका, पोट फुगते. पाव मापापासून सुरुवात करा, दिवसभरात पाणी पुरेसे प्या. चमचा कोरडा ठेवा. पाण्यात कालवलेली पूड तासन्‌तास ठेवू नका. दुधासारखीच ती नासते. धिरड्याच्या पिठात घालून शिजवली तरी चालते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, मणी नाहीसे होत नाहीत.

७. अठरा वर्षांच्या आतील मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आजीचा डबा

हे सर्व झाल्यावर एका मुलीने विचारले, "सर, मेतकूट ही वनस्पतिजन्य प्रथिन पूडच नाही का?" आम्ही लगेच फळ्यावर मांडले. हरभराडाळ २०० ग्रॅम, उडीदडाळ ५०, तांदूळ ५०, गहू २५. मसाल्याचे वजन सोडून द्या. एकूण ३२५ ग्रॅममध्ये प्रथिन सुमारे ६० ग्रॅम. म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक. डाळ आणि धान्याची जोडी आहे, आणि सगळे भाजलेले असल्यामुळे रोधकांचाही बंदोबस्त झालेला. हिशेब पक्का! पण पुन्हा मोजा: भातावर आपण घालतो चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, प्रथिन एक ग्रॅमसुद्धा नाही. मेतकुटाचा अभिमान बाळगा, पण उसळीची जागा त्याला देऊ नका.

शेवटी त्या विद्यार्थ्याच्या ताटाकडे परत आलो. वर्गाने त्याच्यासाठी सुचवले ते असे. सकाळी व्यायामानंतर ३० ग्रॅम फुटाणे: साडेसहा ग्रॅम. २० ग्रॅम शेंगदाणे, बरोबर गुळाचा खडा: ५ ग्रॅम. संध्याकाळी ४० ग्रॅम मटकीची उसळ: साडेनऊ ग्रॅम. आधीच्या ३४ मध्ये हे २१ मिळवले की ५५ ग्रॅम झाले. सोळाव्या वर्षीची गरजही त्यात भागते, आणि शेंगदाणे-गुळाने इंधनाची तूटही थोडी भरून निघते.

त्याने वही मिटली आणि तो घरी गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सहज विचारले, "काय रे, डबा घेतला का?" तो म्हणाला, "नाही सर. आईला हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, मग माझंही मोज." आईच्या दिवसभराच्या खाण्याची बेरीज निघाली २८ ग्रॅम, तिला हवे सुमारे ४६. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या वरणात पाणी घालून ती जेवत असे. आता त्यांच्या घरी रोज दोन वाट्या मटकी भिजते.

स्वाध्याय

१. घरातील प्रत्येक माणसाचे एका दिवसाचे प्रथिन वरील आकड्यांवरून काढा. सर्वांत कमी कोणाचे आले?

२. तुमच्या गावच्या भावाने तूरडाळ, शेंगदाणे, सोयावड्या आणि दूध यांतील एक ग्रॅम प्रथिनाची किंमत काढा.

३. ७५ ग्रॅम गव्हाचे पीठ (दर ग्रॅम प्रथिनात लायसिन २६ मिलिग्रॅम) आणि २५ ग्रॅम तूरडाळ (६८ मिलिग्रॅम) यांच्या जोडीत दर ग्रॅमला लायसिन किती येते? ४५ गाठण्यासाठी डाळ किती वाढवावी लागेल?